‘अंतर्गत बाब’ म्हणे!

मा. संपादक,

यंदाच्या गोवा क्रांतिदिनाच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना मी चीनच्या शिंच्यांग प्रांतातल्या उइघुर मुसलमानांचा विषय काढला. “बाई, ती चीनची अंतर्गत बाब. आपलं काय अडलंय?” हे म्हणणारे गृहस्थ नुकतेच मुक्तिलढ्यावर पोटतिडकीने बोलून खाली उतरले होते. सणावारी वाद कशाला, म्हणून तिथे गप्प बसले. आता लिहिते.

पोर्तुगालचे पालुपद हेच होते. 1951 मध्ये घटनादुरुस्ती करून तिथला हुकूमशहा सालाझारने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ करून टाकले. गोवा म्हणजे पोर्तुगालच, मग बाहेरच्यांनी विचारायचेच कशाला? संयुक्त राष्ट्रांनी ते ऐकून घेतले नाही. डिसेंबर 1960 च्या ठरावात गोव्याची गणना स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांत झाली आणि तिथली माहिती द्या, असे पोर्तुगालला बजावले गेले. मराठी शिकवायला गोव्यात आलेले मोहन रानडे 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन सापडले. गोवा मुक्त झाला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. 1969 मध्ये सुटले, त्यामागे सुधीर फडक्यांसारख्यांनी चिकाटीने केलेली धडपड होती. ‘त्यांची अंतर्गत बाब’ म्हणून सगळेच घरी बसले असते तर?

शिंच्यांगमध्ये 2017 पासून दहा लाखांच्या आसपास उइघुर आणि इतर मुसलमान छावण्यांत डांबले गेल्याचे अंदाज आहेत. चीन त्यांना ‘व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रे’ म्हणतो. हिंसाचार झालाच नाही असे मी म्हणत नाही. 2009 ची उरुम्चीची दंगल, 2014 चा कुनमिंग स्थानकावरचा हल्ला, दोन्हींत निरपराध माणसे मेली. पण प्रा. राहिले दावुत यांनी कुणावर हात उगारला होता? शिंच्यांग विद्यापीठातल्या या बाई गावोगावी फिरून दर्गे, तिथल्या जत्रा, लोककथा यांची नोंद करायच्या. डिसेंबर 2017 मध्ये बेपत्ता झाल्या. जन्मठेप झाल्याचे जगाला कळले 2023 मध्ये. आरोप काय, तर राज्याची सुरक्षा धोक्यात आणली!

हे वाचून मला माझ्या वह्या आठवल्या. नोकरीत असताना पौष महिन्यात मांडावर जाऊन मी धालोची, म्हणजे गोव्यातल्या बायकांच्या पारंपरिक नाचाची, गाणी उतरवून घ्यायचे. म्हाताऱ्या बायका एकेक ओळ तीनतीनदा म्हणून दाखवायच्या, वर ‘बाई, तुका इतके किदें पडलां?’ म्हणून हसायच्या. पोलिसाने कधी चौकशी केली नाही, उलट एकाने पावसात मोटारसायकलवरून घरी सोडले. (पौषात पाऊस! पण आला होता खरा.) तिकडे नुसती माणसेच नेली असेही नाही. खोतानजवळचा इमाम आसिमचा दर्गा, जिथे दरवर्षी यात्रा भरायची, तोही पाडला. पोर्तुगीज काळात वेर्णेची म्हाळसा देवी देऊळ सोडून म्हार्दोळला का आली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यावर अधिक काय सांगायचे?

आता आपल्या सरकारबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा अहवाल 31 ऑगस्ट 2022 रोजी आला. तिथले प्रकार मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. सव्वा महिन्यातच, 6 ऑक्टोबरला, मानवी हक्क परिषदेत प्रश्न निव्वळ एवढाच होता की या अहवालावर चर्चा करायची की नाही. बाजूने 17, विरोधात 19, तटस्थ 11. त्या अकरांत भारत होता. एखाद्या देशाला नाव घेऊन लक्ष्य करणारे ठराव उपयोगाचे नसतात, ही म्हणे आपली जुनी भूमिका. 1960 च्या त्या ठरावात पोर्तुगालचे नाव होते, तेव्हा आपण खूश होतो!

थायलंडने अकरा वर्षे कोंडून ठेवलेल्या 40 उइघुरांना फेब्रुवारी 2025 मध्ये चीनच्या हवाली केले. 2013 मध्ये सीमा ओलांडून लडाखमध्ये आलेले तीन उइघुर भाऊही, मूळ शिक्षा भोगून झाल्यावर वर्षानुवर्षे आपल्याकडे तुरुंगातच ठेवले गेले. गोव्याचे दोन लोकसभेत आणि एक राज्यसभेत, असे तीन खासदार आहेत. या तिघा उइघुर भावांना चीनकडे परत पाठवणार नाही, अशी लेखी हमी आपल्या खासदारांनी संसदेत प्रश्न विचारून मिळवावी. आणि परिषदेत हा विषय पुन्हा आला तर भारत निदान चर्चेच्या बाजूने तरी हात वर करणार का, हेही विचारावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा