थेट विक्री की साखळी, हे कारकुनाच्या एका ओळीने ठरते काय? ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ‘सदर कंपनी मल्टी लेव्हल मार्केटिंगच्या व्याख्येत येत नाही’ या कारणास्तव तक्रार निकाली काढल्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणारा निवृत्त गणित शिक्षक आहे. मागच्या आठवड्यात मला एका शासकीय कार्यालयाचे पत्र आले. एकाखाली एक विक्रेते जोडत जाणाऱ्या, म्हणजेच मल्टी लेव्हल मार्केटिंग (साखळी विक्री) करणाऱ्या एका कंपनीविरुद्ध मी जुलै २०२४ मध्ये केलेल्या तक्रारीला मिळालेले हे पहिले लेखी उत्तर. त्यात म्हटले आहे की, ‘सदर कंपनी ही थेट विक्री करणारी संस्था असून ती मल्टी लेव्हल मार्केटिंगच्या व्याख्येत येत नसल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ इतका काळ वाट पाहिल्यावर एक वाक्य हाती आले याबद्दल आभार मानतो; मात्र ते वाक्य चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे सांगण्यासाठी हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ही ‘व्याख्या’ कोणत्या कायद्यातली, याचा त्या पत्रात उल्लेख नाही. प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा कायदा मी वाचला. त्यात मल्टी लेव्हल मार्केटिंग हा शब्द नाही. सभासदांच्या नोंदणीशी निगडित घटनेवर पैसे देण्याचे आश्वासन देणारी योजना असे तो म्हणतो आणि वर जोडतो, ‘मग तिला कोणतेही नाव दिलेले असो’. म्हणजे नावावरून निकाल देऊ नका, हे सांगण्याची तसदी कायदा करणाऱ्यांनी १९७८ सालीच घेतली होती. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित झाले. त्यांच्या व्याख्यांतही मला हा शब्द सापडला नाही. सापडली ती पिरॅमिड योजना, जिच्यात एकाने दुसऱ्याला भरती करायचे आणि खालच्याच्या भरतीवर व कामगिरीवर वरच्याने लाभ घ्यायचा. हे नियम ज्याखाली झाले त्या ग्राहक संरक्षण कायद्यातली थेट विक्रीची व्याख्याच मुळी ‘विक्रेत्यांच्या जाळ्यामार्फत’ होणाऱ्या विक्रीची आहे. तेव्हा थेट विक्री आणि साखळी या दोन वेगळ्या जाती आहेत आणि एकीत असणारी कंपनी दुसरीत असूच शकत नाही, हा शोध त्या कार्यालयाचा स्वतःचा असावा.

खरा प्रश्न नावाचा नाही, पैसा कोठून येतो याचा आहे. साखळीबाहेरच्या माणसाला कंपनीच्या मालाचा डबा हवा असतो म्हणून तो विकला जातो, की आत शिरलेला माणूस आपला आयडी, म्हणजे सभासद क्रमांक, जिवंत ठेवण्यासाठी तो स्वतःच विकत घेत राहतो? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ मध्ये अ‍ॅमवे या थेट विक्री करणाऱ्या कंपनीबाबत निर्णय देताना नेमके हेच तपासले. मालाचा ७० टक्के भाग विकलेला असणे, महिन्याला दहा किरकोळ ग्राहक असणे आणि न विकलेला माल परत घेणे, हे त्या कंपनीचे नियम पाहून तिला बेकायदा पिरॅमिड ठरवले नाही. पण तिची रचना अनेक पायऱ्यांची आहे हे कोणी नाकारले नाही. आपल्याकडे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ मध्ये त्याच कंपनीची योजना १९७८ च्या कायद्याच्या कक्षेत येते असे म्हटले, आणि अंमलबजावणी संचालनालयाने एप्रिल २०२२ मध्ये तिची ७५७ कोटी ७७ लाख रुपयांची मालमत्ता टाचेखाली आणली. माझी तक्रार त्या कंपनीविरुद्ध नाही, आणि तिच्या प्रकरणात खरेखोटे ठरवणारा मी कोणी नाही. सांगायचे इतकेच की, जो प्रश्न न्यायालयांना आणि केंद्रीय यंत्रणांना वर्षानुवर्षे पुरला, तो आपल्या एका टेबलावर एका ओळीत सुटला.

आता माझ्या घरचा हिशेब. ऑक्टोबर २०२२ मध्ये सौ.च्या मावसबहिणीने घरी येऊन ‘प्लॅन’ दाखवला. थेट विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊ नये, असा नियम आहे म्हणतात. भाऊबीजेच्या ओवाळणीसाठी आलेल्या बहिणीकडे ओळखपत्र मागायचे आम्हांला सुचले नाही. तिने वहीवर एक गोल काढला आणि त्याखाली सहा. ‘सहाच माणसे करायची, पुढचे आपोआप होते.’ मी गणित शिकवलेला माणूस. सहाचा आठवा घात १६ लाख ७९ हजार ६१६ होतो आणि नववा एक कोटीच्या वर जातो. २०११ च्या जनगणनेनुसार आमच्या अख्ख्या सांगली जिल्ह्याची लोकसंख्या साधारण २८ लाख २२ हजार होती. हे मला त्या संध्याकाळीही येत होते. पाहुण्यांसमोर बोललो नाही, ही माझी चूक, आणि तिची शिक्षा मी आजही भोगतो आहे.

सौ. त्या साखळीत सामील झाली. दरमहा ६,५०० रुपयांचा माल उचलला नाही तर आयडी ‘इनॅक्टिव्ह’ आणि खालच्यांचे कमिशन बंद. एकोणीस महिन्यांत १ लाख २३ हजार ५०० रुपये गेले. पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या सेमिनारांचा प्रवास, हॉटेल, तिकिटे यांचे पंधरा-सोळा हजार असतील. वीसही असतील, पावत्या ठेवल्या नाहीत. कमिशन आले १७,८४०. साखळीत नसलेल्या माणसांना विकलेला माल ८,२०० रुपयांचा, आणि अशी माणसे तीन : माझी थोरली बहीण, माझा शेजारी आणि माझे दाताचे डॉक्टर. ही तपासणी करायला मला कोणत्याही आयोगाची गरज पडली नाही, एक वही पुरली. आपल्या विभागाने ती वही एकदाही मागितली नाही.

पैसे गेले त्याचे मी एक वेळ सोसले असते. सौ.ने अकरा जणांना जॉइन केले होते. त्यांतले चार माझे माजी विद्यार्थी, जे ‘सरांच्या घरातून सांगितले आहे’ या एका आधारावर आले. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी बचत गटातून बारा हजारांचे कर्ज काढून आयडी घेतला, हे आम्हांला हप्ते थकल्यावर कळले. ते कर्ज मी फेडले. मावशी आता येत नाहीत. रस्त्यात दिसल्या तर पदर पुढे ओढून पलीकडून जातात. सौ.ने दोन वर्षांत एकाही हळदीकुंकवाला पाऊल टाकलेले नाही, कारण जिथे जाईल तिथे बायकांना वाटते, हिच्या पिशवीत डबा असणार. चाळीस वर्षांची माणुसकी अशी सहाच्या गोलांत संपली, महोदय, आणि आपले कार्यालय मला व्याख्या सांगते.

तक्रारीचा प्रवासही ऐकून घ्यावा. पोलिस ठाण्यात सांगितले, हा ग्राहकाचा विषय आहे. ग्राहक कार्यालयात सांगितले, आपण ग्राहक नाही, विक्रेते आहात. मग विक्रेत्याने कोठे जावे? पुन्हा पोलिस ठाण्यात. प्रत्येक डब्याच्या पावतीवर जीएसटी होता, तो मात्र कोणत्याही टेबलावर न अडकता सरकारजमा झाला. आमच्या तालुक्यात असे फसलेले दोन-तीन हजार लोक तरी असतील. हा आकडा मी मोजलेला नाही, अंदाज आहे. आपल्या विभागाने मोजला असल्यास जाहीर करावा, मी माझा मागे घेईन. आणि समजा उद्या गुन्हा सिद्ध झालाच, तर १९७८ च्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा पाच हजार रुपये आहे. सौ. दर महिन्याला याहून दीड हजाराचा माल जास्त उचलत होती. तुरुंगवासाची तरतूद तीन वर्षांपर्यंत आहे खरी, पण तिथपर्यंत जायला आधी कोणी तक्रार वाचावी लागते. शेतमालाच्या पैशांसाठी, पतसंस्थेतल्या ठेवीसाठी, कशासाठीही या राज्यात सामान्य माणूस दारात गेला की त्याला प्रथम तो कोणत्या व्याख्येत बसत नाही हे सांगितले जाते; फसवणारा मात्र प्रत्येक व्याख्येच्या बाहेर ऐसपैस बसलेला असतो.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. २०२१ च्या नियमांनुसार थेट विक्रीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा राज्य सरकारने उभारायची आहे. ती सांगली जिल्ह्यात कोणत्या इमारतीत, कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे ते जाहीर करावे. प्रत्येक कंपनीकडून साखळीबाहेरच्या ग्राहकांना झालेली विक्री किती आणि साखळीतल्यांनी स्वतः उचललेला माल किती, हे दोन आकडे मागवावेत आणि लोकांसमोर ठेवावेत. आमच्या कपाटात अजून न उघडलेले ३४ डबे आहेत, ते कंपनीने परत घ्यावेत. आणि माझी तक्रार पुन्हा उघडावी.

हे पत्र कृपया ‘पुढील उचित कार्यवाहीस्तव’ त्याच कार्यालयाकडे अग्रेषित करू नये. त्यांचा जावक क्रमांक माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
जि. सांगली