डेकच्या नकाशाआधी भिंत बघ

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

१२ बाय १६ फुटांचा डेक, म्हणजे घराला लागून लाकडी फळ्यांचा ओटा, कोपऱ्यात हॉट टब (गरम पाण्याची हौदी), आणि वर तुझा प्रश्न की इंजिनिअरकडून शिक्क्याचा नकाशा लवकर कसा मिळेल. नकाशाचं काम अवघड नाही. पण त्याला फोन करण्याआधी दोन गोष्टी उरक, नाहीतर एकाच नकाशाचे दोनदा पैसे मोजशील.

पहिली जमिनीची. घर घेताना क्लोजिंगच्या (खरेदी पुरी होतानाच्या) कागदांत सर्व्हे, म्हणजे प्लॉटच्या मोजणीचा नकाशा, मिळाला असेल. त्याच्या झेरॉक्सवर डेक मापात काढ, हद्दीपासूनची अंतरं लिही आणि टाउनशिपच्या झोनिंग खात्यात (जमिनीच्या वापराचे नियम बघणाऱ्या) दाखव. न्यू जर्सीत ती मंजुरी नसेल तर बांधकामाचं परमिट पुढे सरकत नाही. सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर), ईझमेंट (दुसऱ्याच्या वापरासाठी राखलेली पट्टी) आणि प्लॉटचा किती भाग झाकला गेलाय, एवढं ते बघतात. फळ्यांच्या फटींतून पाणी जमिनीत मुरतं म्हणून काही ठिकाणी डेक त्यात धरत नाहीत, काही ठिकाणी धरतात. तोंडी विचारून घे. सेटबॅकला दोन फूट कमी पडले तर व्हेरियन्स (नियमातून सूट) मागावा लागतो, म्हणजे २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना नोटीस आणि बोर्डापुढे सुनावणी. त्यापेक्षा डेकच दोन फूट आखूड कर. सोसायटीची असोसिएशन असेल तर तिची परवानगी वेगळी.

दुसरी गोष्ट भिंतीची, आणि खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. डेकचं जवळजवळ निम्मं वजन घराच्या भिंतीला ठोकलेल्या एका फळीवर येतं. तिला लेजर म्हणतात. ती बाहेरच्या साइडिंगला (भिंतीवरच्या आवरणाला) नाही, आतल्या रिम जॉइस्टला, म्हणजे मजल्याच्या तुळयांच्या टोकांवरच्या लाकडाला, धरते. तुझ्या मागच्या भिंतीला विटा असतील तर त्या बहुधा नुसता मुलामा आहेत. मागे इंचभर पोकळी, मग लाकूड. त्या पोकळीतून गेलेला बोल्ट वाकतो, म्हणून विटांच्या मुलाम्यावर लेजर चालत नाही. बे विंडोसारख्या बाहेर लटकणाऱ्या भागालाही नाही. मग डेक स्वतःच्या पायांवर उभा करायचा, म्हणजे घरालगत पोस्टची (खांबांची) आणखी एक रांग. आणि तिथली माती तळघर खणल्यावर भरावाची असते, म्हणून घरापासून पाच फुटांच्या आतली फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) घराच्या पायाइतकी खोल न्यावी लागते. आठ फूट खणायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

लेजर बसत असेल तर तो खिळ्यांवर सोडू नको. १२ फुटांच्या जॉइस्टला (फळ्यांखालच्या आडव्या तुळईला) अर्ध्या इंचाचे लॅग स्क्रू (जाड, लांब स्क्रू) दर १५ इंचांवर, वरखाली आलटून पालटून. साइडिंग कापून आत फ्लॅशिंग (पाणी अडवणारी पट्टी), तिची वरची कड भिंतीवरच्या वॉटरप्रूफ कागदाखाली सरकवलेली. ती उलटी बसली की पाणी रिममध्ये मुरतं, आणि वरून फळ्या छान दिसत असताना आतलं लाकूड भुसा होतं. ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या) लाकडातलं तांबं साधं लोखंड खातं, म्हणून सगळे स्क्रू, हँगर (जॉइस्ट धरणारे धातूचे आधार) हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा जाड थर दिलेले). हेही नकाशावर लिहिलेलं हवं. नुसतं 'कोडप्रमाणे' (बांधकामाच्या नियमांप्रमाणे) लिहिलं की तपासणारा नकाशा परत करतो.

आता टब. ४०० गॅलन पाणी म्हणजे सव्वातीन हजार पौंडांहून जास्त. टब आणि पाच-सहा माणसं धरून पाच हजारांच्या घरात. ७ बाय ७ च्या जागेत हे दर चौरस फुटाला शंभर पौंड झाले, आणि साधा डेक ४० पौंड माणसांचे नि १० स्वतःचे धरून बेततात. तुला इंजिनिअर लागतोय तो केवळ या टबापायी! टब खाली काँक्रीटच्या स्लॅबवर घे. मग बाकीचा डेक कोडच्या तक्त्यांत बसतो, आणि स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घराचा नकाशा न्यू जर्सीत मालकालाच काढता येतो. पुण्यात गॅलरी बंदिस्त करतात तसं पुढे छप्पर चढवायचा बेत असेल तर मात्र आत्ताच सांग. बर्फ आणि वारा दोन्ही धरले की फुटिंग मोठं होतं.

फुटिंगचं गणित सोपं आहे. बाहेरच्या बीमखाली (जॉइस्ट पेलणाऱ्या मुख्य तुळईखाली) तीन पोस्ट, आठ-आठ फुटांवर. मधल्या पोस्टवर ८ बाय ६ (जॉइस्टची निम्मी लांबी), म्हणजे ४८ चौरस फूट; ५० पौंडांनी २४०० पौंड. मातीची ताकद चौरस फुटाला १५०० धरली तर १.६ चौरस फूट लागतात, म्हणजे गोल खड्डा १८ इंची. बीम दोन्ही गाळ्यांत सलग असेल तर मधल्या पोस्टवर पाव पट जास्त येतं. तो खड्डा २० इंची घे. खोली गोठणरेषेखाली (थंडीत माती गोठते त्या खोलीखाली), आपल्याकडे न्यू जर्सीत बऱ्याच ठिकाणी ३६ इंच. पोस्ट ६ बाय ६ इंची, आणि बीम त्याच्या डोक्यावर बसवायचा, बाजूला बोल्टने टांगायचा नाही. जॉइस्टला २ बाय ८ इंची सदर्न पाइन (अमेरिकी पाइन लाकूड) १६ इंचांवर ११ फूट १० इंचांपर्यंत पास होतं, अगदी काठावर. २ बाय १० घे, पाय टाकल्यावर हलणार नाही.

डेक जमिनीपासून ३० इंचांच्या वर असेल तर कठडा ३६ इंच उंच आणि चार इंचांचा गोळा जाणार नाही एवढी फट. कठड्याचा खांब खाच पाडून बसवू नको. खाचेतच तो मोडतो.

अर्ज गेल्यावर वीस कामाच्या दिवसांत उत्तर यायला हवं. खणण्याआधी ८११ ला (जमिनीखालच्या वायरी-पाइप खुणावून देणाऱ्या सेवेला) फोन कर, पूर्ण तीन कामाचे दिवस आधी. काँक्रीट ओतण्याआधी उघडे खड्डे दाखवायचे, तळाशी भुसभुशीत माती किंवा पाणी नको. मग फळ्या टाकण्याआधी सांगाडा. बुटका डेक असेल तर हे विसरू नको. खालून शिरायला जागा नसली तर फळ्या उचकटायला लावतात.

आणि कंत्राटदार 'परमिट तुमच्याच नावाने काढा' म्हणाला तर त्याचा राज्याचा नोंदणी क्रमांक माग, १३व्हीएच ने सुरू होणारा. काम स्वतः करतोय अशी सही तू केलीस की चूक त्याची असली तरी नोटीस तुला येते.

आज तळघरात जा, मागच्या भिंतीच्या आतलं इन्सुलेशन थोडं बाजूला कर आणि रिमला टेप लावून फोटो पाठव. दीड इंचाचं अखंड लाकूड आहे की पातळ दाबलेला बोर्ड, ते दिसलं की पुढचं बोलू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास