वेंगुर्ल्याच्या काकांस, पाव आट्याबद्दल

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची नात वाचून दाखवेल या भरवशावर लिहिते. पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण पावसाळ्यात बेस गिटारच्या तारा खरखरायला लागल्या म्हणून हवालदिल झालेली मी काही एकटीच नसेन. आणि प्रत्येकाला तुमची पडवी सापडेलच असं नाही.

मे अखेरीला शेवटचं लग्न वाजवलं आणि चारही तारा पार सैल करून बेस कव्हरमध्ये घातला. दोन महिने ताण नको, नेकला, म्हणजे गिटारच्या लांब दांडीला, विसावा मिळू दे, अशी माझी समजूत. श्रावणात बाहेर काढून तारा सुरात लावल्या, तर पहिल्या फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या त्या फ्रेट) चौथ्यापर्यंत नुसती खरखर. त्यात ‘ई’ची जाड तार सगळ्यात वाईट. वर बाराव्या फ्रेटकडे मात्र आवाज स्वच्छ. चतुर्थीचा कार्यक्रम अठरा दिवसांवर. ब्रिजवरचे, म्हणजे बॉडीवरच्या घोडीवरचे, सॅडल (तारांचे छोटे टेकू) उचलून पाहिले. खरखर थोडी कमी झाली, पण तार इतकी उंच गेली की दाबताना बोटं भरून यायची आणि दाबलेला सूर चढा लागायचा. शहरातल्या एका दुकानात दाखवला. तिथे म्हणाले, नेकमधली लोखंडी रॉड आवळून बघू, नाहीतर नेक गेली समजा, नवी बसवा. नव्या नेकची किंमत ऐकून मी बेस उचलला आणि परत आले. त्या रात्री झोप लागली नाही.

तुमचं नाव आमच्या कीबोर्डवाल्याने सुचवलं: जन्मभर बोटीवर इंजिन फिटर आणि सुट्टीवर आलात की चर्चमध्ये बेस. मालवणहून एसटीने भिजत आले तेव्हा तुमच्याकडे वीज नव्हती. ॲम्प नाही तेच बरं, म्हणालात, नुसत्या लाकडाचा आवाज ऐकू. मग सुतार फळी बघतो तसा एक डोळा मिटून तुम्ही हेडकडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, नेकवरून नजर टाकलीत. ‘ई’ची तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबलीत आणि मला सातव्या फ्रेटपाशी बघायला सांगितलंत. ताणलेल्या तारेसारखी सरळ पट्टी दुसरी नाही, तीच माप. तिथे तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट हवी होती. तार सरळ फ्रेटवर टेकली होती. नेक मागे वाकली होती.

मी तारा सैल करून ठेवल्याचं सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, “चेडवा, तारा सैल केलंस, पण आतलो रॉड कोण सैल करतलो?”

काका, त्या एका वाक्यात मला सगळं उमगलं. चार तारा मिळून नेकला ७५-८० किलोच्या आसपास जोराने पुढे ओढतात आणि आतली पोलादी ट्रस रॉड तिला मागे धरून ठेवते. मी एक बाजू सोडून दिली आणि रॉड दोन महिने एकटीच ओढत राहिली. भरीला आषाढातली मालवणची हवा. नेकचं मागचं मेपलचं लाकूड पॉलिशखाली झाकलेलं, पण पुढची शिसवी पट्टी उघडी. ती ओल पिऊन फुगली आणि तिनेही नेक मागेच रेटली. अशा नेकची रॉड आणखी आवळली असती तर काय झालं असतं, ते आता कळतं.

नेक अगदी सरळ असणं म्हणजे चांगलं, असंच मी तोवर धरून चालले होते. तुम्ही तार छेडून दाखवलीत: मधोमध तिचा झोका सर्वात मोठा असतो, म्हणून तिच्याखाली नेकला किंचित खोल जागा हवीच. तंबोऱ्यात तार घोडीला घासते त्या जवारीसाठी कारागीर दिवस घालवतो. इथे तेच घासणं नको असतं.

मग तुम्ही रॉडचा नट फिरवायची ॲलन की माझ्या हातात दिलीत. मला वाटलं होतं, तुम्हीच करून द्याल. माझे हात थरथरत होते आणि तुम्ही बाजूला बसून चहा पीत होतात. हेडकडून बघून घड्याळाच्या उलट दिशेने पाव आटा, म्हणजे पाव फेरा. तारा पुन्हा सुरात. बघ. अजून टेकतेय? आणखी पाव आटा. मग पेटीतून फीलर गेज काढलंत, इंजिनाच्या टॅपेटची फट मोजायचं, आणि त्यातलं ०.३० मिलिमीटर जाडीचं पोलादी पान तारेखाली सरकवून पाहिलंत. अजून अडकत होतं. मी पुन्हा की लावायला गेले तर हात धरलात. आज पुरे, लाकडाला रात्र दे. ते एक पान स्क्रू काढून सुटं केलंत आणि माझ्याकडे दिलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी मी काहीही न फिरवता ते पान अलगद आत गेलं. मी स्वयंपाकघरात धावत जाऊन आईला सांगितलं. तिला काही कळलं नाही, तरी तीही हसली.

मग सॅडल खाली आणले, बाराव्या फ्रेटचा सूर जुळवला. आधी नेक, मग तारेची उंची, सूर शेवटी: हा तुमचा क्रम मी मोडला नाही. चतुर्थीला बेस वाजला.

तुमचा जुना बेस तुम्ही दाखवलात तोही आठवतो. त्याच्या रॉडचा नट नेकच्या बुडाशी, बॉडीत दडलेला. फिरवायचा तर नेकचे स्क्रू सोडावे लागतात. १९५१च्या फेंडर कंपनीच्या पहिल्या प्रिसिजन बेसमध्येही तो तिथेच होता, हे मला नंतर समजलं. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो, म्हणून त्या बेसचं नाव प्रिसिजन.

आता खरी बातमी. गेल्या आठवड्यात हवा कोरडी झाली, पहाटे गार वारा सुटला आणि बेस वाजवायला जड वाटू लागला. पान घालून बघितलं तर ते सैलसर हलत होतं. म्हणजे आता उलट, नेक पुढे आलेली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी तारा थोड्या उतरवल्या आणि मग की घड्याळाच्या दिशेने, पाव आट्याहूनही कमी. अडलं तर जोर लावायचा नाही, हे मनात घोकत होते. अडलं नाही. कोणालाही विचारलं नाही, काका. माझं मीच केलं.

नाताळच्या आधीच्या रविवारी येते. तुमच्या बेसच्या तारा गंजल्या आहेत, नवा सेट घेऊन ठेवलाय. बदलताना चारही एकदम काढणार नाही, एकेक करून बदलेन. पानही आणते, पण परत मागू नका.

तुमची,
मालवणची चेडू