फ्लायव्हीलचा पुलर

प्रिय सुन्या,

त्या दिवशी फोनवर आवाजच नीट येत नव्हता, म्हणून लिहूनच पाठवतो. तुझ्या मालवणच्या खाऱ्या पाण्यात तर बोटीच्या इंजिनचं फ्लायव्हील (वरचं जड फिरतं चाक) काढायचं हे काम कधी ना कधी निघणारच.

आमच्या गावची पुराची बोट तुला माहितीये. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाला ५७ फुटाच्या वर पाणी गेलं, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तेव्हापासून नदीकाठच्या लोकांना बोटीचं महत्त्व कळलंय, पण कसलं काय, पाऊस संपला की बोट समाजमंदिरामागं उपडी आणि इंजिन ताडपत्रीत, वर्षभर कोण ढुंकून बघत नाही. मे महिन्यात चालू करायला गेलो तर स्पार्कच नाही. स्टॉप स्विचची लाल दोरी बघितली (निम्म्या वेळा तीच निघालेली असते आणि पोरं दोरी ओढून ओढून खांदे मोडून घेतात), प्लग बदलले, काही नाही. म्हणजे स्पार्कला वीज देणारी कॉईल गेली. आणि कॉईल फ्लायव्हीलच्या खाली.

नट सुटला, पण फ्लायव्हील टेपरवर, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, असं धरून बसलं की हलंना. एक मिस्त्री तीन पायांचा पुलर (ओढून काढायचं अवजार) घेऊन आला आणि कडेला लावायला लागला, मी हात धरला त्याचा. कडेला ओढलं की फ्लायव्हील वाकतं, आत चिकटवलेले मॅग्नेट तडकतात, मग नवीन फ्लायव्हील घे आणि बस बोंबलत. मधे आट्याची तीन भोकं दिलेली असतात ती ओढायलाच असतात की. कंपनीचा पुलर मागवायचा तर पाऊस येईपर्यंत वाट बघा, म्हणून गेलो कुपवाड एमआयडीसीत ओळखीच्या लेथवाल्याकडं.

खरी गंमत मापाची. तीन भोकं असली की समोरासमोर भोकच नसतं, मग पीसीडी, म्हणजे भोकांच्या मध्यातनं जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, धरायचा कसा? लेथवाले काका म्हणाले, दोन भोकांत बोल्ट लाव, बाहेरून बाहेर व्हर्नियर धर, त्यातनं एका बोल्टची जाडी वजा कर आणि ०.८६६ नं भाग. आमचं बाहेरून ६० आलं, ८ चा बोल्ट, राहिले ५२, म्हणजे पीसीडी ६०. शाळेतली भूमिती अशी उपयोगाला येईल असं कधी वाटलं नव्हतं लेका!

भंगारातली १६ एमएमची प्लेट, मधे बारीक आट्याचा १६ चा बोल्ट, बाजूला हाय टेन्साईलचे ८ चे बोल्ट तीन; मधला शाफ्टवर दाबतो, बाजूचे फ्लायव्हील वर ओढतात. साधे घेऊ नको, आटे ओढून येतात. आणि लांबी आधी मोज, बोल्ट फ्लायव्हीलच्या पार खाली उतरला तर जी कॉईल वाचवायला गेलास तिच्यातच घुसेल. उरलेल्या पट्टीला त्याच भोकांच्या मापानं दोन भोकं पाडली, ती फ्लायव्हील धरायला, नट सोडताना फिरत नाही मग.

काढताना नट पूर्ण काढायचा नाही, शाफ्टच्या टोकाबरोबर ठेवायचा, नाहीतर दाबानं आटे चेपतात. मधल्या बोल्टाला ग्रीस लावून आवळत गेलो, पार ताणलं तरी ढिम्म, मग बोल्टाच्या डोक्यावर पितळी हातोडीनं हलकी टिचकी दिली आणि फाट्‌कन सुटलं. घण घालू नको मात्र, खाली क्रँकची बेअरिंग आहे. काकांनी मजुरीच घेतली नाही, पुरात त्यांचं पण घर गेलेलं.

आत कॉईलचं इन्सुलेशन फुटून तांब्यावर हिरवा थर. नवीन बसवली. परत चढवताना टेपर दोन्हीकडून कोरडा पुसायचा, तिथं ग्रीस अजिबात नको, शाफ्टच्या खाचेतली चावी (फ्लायव्हील जागेवर धरणारा छोटा तुकडा) नीट बसलीय बघायचं, आणि मॅग्नेटला चिकटलेला लोखंडाचा कीस काढायचा.

आता पुलर माझ्याकडं पडूनच आहे, पण तुझ्या इंजिनला हाच बसेल असं नाही. दोन भोकांचं बाहेरून माप आणि बोल्टची जाडी व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, काकांकडून करून घेतो, वहिनींना सांग बदल्यात सुके बांगडे लागतील.

तुझा,
पम्या