रॉक म्हणजे नुसतं स्टेडियम नाही हो!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

2025 च्या जानेवारीत नेरुळला डी. वाय. पाटीलला कोल्डप्ले येऊन गेले, तेव्हापासून बघतोय, तुमच्या पुरवणीत रॉक म्हटलं की तिकिटांचे भाव, ट्रॅफिक, पार्किंग आणि मोबाईलचे टॉर्च, बस. परवाच्या लेखात तर रॉक ऐकायचं ते स्टेडियममध्येच असं ठोकूनच दिलंय. म्हणून डोनाल्ड फेगन या अमेरिकन रॉक गायक-संगीतकाराबद्दल चार ओळी लिहितोय, जमलं तर छापा.

न्यू जर्सीचा माणूस, जन्म 1948 चा, शाळेपासून डोक्यात जॅझ. कॉलेजात वॉल्टर बेकर भेटला, पुढे दोघांनी स्टीली डॅन नावाचा बँड काढला आणि 1972 ला पहिला अल्बम आला. आता गंमत बघा, फेगनला पुढे उभं राहून गायचीच धास्ती, म्हणून डेव्हिड पामर नावाचा गायक आणला, पण गाणी इतकी तिरकस की ती फेगनच्याच किंचित कुचकट आवाजात शोभायची, शेवटी माईक त्याच्याच गळ्यात पडला. 1974 ला तर दौरेच बंद! दोघं स्टुडिओत बसायचे आणि गाण्यागणिक वेगळे वादक बोलवायचे.

1977 चा त्यांचा ‘एजा’ अल्बम नीट हेडफोन लावून ऐका, ठाणे-वाशी लोकलमध्ये नको प्लीज. टायटल साँग आठ मिनिटांचं, त्यात मध्येच वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन येतो, जॅझचा बडा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस, त्याच्या बँडमधला माणूस, तो इथे रॉकच्या गाण्यात, आणि मागे ड्रम्सवर स्टीव्ह गॅड असा काही सुटलाय की बोलायची सोय नाही. ‘पेग’मधला गिटारचा एवढासा तुकडा, त्याच्यासाठी एकामागून एक गिटारिस्ट येऊन वाजवून गेले, यांच्या काही मनास येईना, शेवटी जे ग्रेडनचा ठेवला. ऐकताना या कष्टांचा मागमूस नाही. खळेकाकांची गाणी ज्यांनी गुणगुणून बघितलीत त्यांना कळेल, ऐकायला सोपी, गायला बसलं की घाम.

स्टीली डॅन फार गुळगुळीत आहे, जीव नाही, असं म्हणणारे आहेत. 1980 च्या ‘गाउचो’बद्दल मलाही थोडं तसंच वाटतं. पण 1982 चा फेगनचा एकट्याचा ‘द नाइटफ्लाय’ ऐका, रात्री रेडिओवर जॅझ ऐकत जागणाऱ्या उपनगरातल्या पोराचं जग आहे त्यात, आणि कव्हरवर मायक्रोफोनसमोर रात्रपाळीचा आरजे म्हणून फेगन स्वतःच बसलाय. त्यानंतरचा सोलो अल्बम थेट 1993 ला. त्याच वर्षी दौरेही परत सुरू केले गड्याने, आणि 2001 ला एमिनेम, रेडिओहेड समोर असताना अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी स्टीली डॅनने नेलं. 2017 ला बेकर गेला.

तर विनंती एवढीच, आमच्यासारखे घरी बसून ऐकणारेही तुमचे वाचक आहेत, महिन्यातून अर्धं पान एखाद्या अल्बमला द्या, पार्किंगचा नकाशा थोडा लहान केला तरी चालेल. ‘एजा’पासून सुरुवात केलीत तर वेन शॉर्टरवर एक चौकट टाका, 2023 ला तो गेला तेव्हा राहूनच गेली ती.

आपला जुना वाचक,
नौपाडा, ठाणे