मी नागपूरला येतेय, आणि बाबांच्या चाचणीबद्दल

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की आई रडते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन बाल्कनीत जातात, म्हणून लिहितेय. सकाळचा चहा आणि औषधं झाली की दोघं मिळून वाचा. सकाळी बाबांचं डोकं ताजं असतं. आई, तू वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे.

जे ठरलंय ते आधी सांगते. जूनच्या मध्यापासून मी आपल्या घरी राहायला येतेय, निदान दीड वर्षासाठी. आणि स्मृतिभ्रंशावरच्या नव्या गोळीची जी चाचणी सुरू होतेय, तिच्यासाठी मी बाबांचं नाव दिलंय. फक्त नाव. सही बाबांनी करायची आहे, त्यांना पटलं तरच.

आई, "संसार टाकून माहेरी कशी येतेस?" हे म्हणू नकोस. ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली, ह्यांनी स्वतः हो म्हटलं, सोहमची बारावी झाली आणि तो आता हॉस्टेलवर जाईल. पुण्यात माझ्यावाचून काही अडत नाही. तिकडे मात्र अडतंय. चाचणीत घ्यायचं तर पेशंटसोबत एक माणूस लागतो, त्याला ते स्टडी पार्टनर म्हणतात. आठवड्याला किमान १० तास बरोबर राहणारा, प्रत्येक तपासणीला येणारा, घरी काय बदललं ते खरं सांगणारा. तो नसेल तर नाव तिथेच कटतं. तुझे गुडघे, त्यात परवाच झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन. बाबांना एकटीने रिक्षातून घेऊन गेलीस त्या दिवशी सीताबर्डीला काय झालं ते तू सांगितलं नाहीस, मला काकूंकडून कळलं. दादा व्हिडिओवर दिसतो, पण अमेरिकेतून तो हात धरून एमआरआयच्या खोलीपर्यंत कसा नेणार? आपल्या गल्लीत घरटी हेच आहे, दोन म्हातारी माणसं आणि मुलं पुण्या-बंगळुरात. साठीच्या पुढच्या साधारण ८८ लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आपल्याच देशातल्या पाहणीवरून २०२३मध्ये छापून आलाय, तरी चाचण्यांना माणसं मिळत नाहीत. मला त्यात नवल वाटत नाही.

घाई का करतेय तेही सांगते. स्मरणशक्तीची ३० गुणांची परीक्षा असते ना, त्यात ठरावीक गुणांच्या खाली गेलं की या चाचणीचं दार बंद. आजार सुरुवातीचा असेल तरच घेतात. आणि आई, रागावू नकोस, पण "काही नाही बाप्पा, वयाचं आहे" म्हणण्यात आपलं वर्ष गेलं. मामांना अजून सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी वार विचारला की तू हळूच "अहो, गुरुवार" म्हणतेस. माझे पाढे अडले की बाबांच्या पाठीमागून ओठ हलवायचीस, तशीच. तुझी माया मला कळते गं. पण त्या परीक्षेत बाबांना जेवढं येतं तेवढंच लिहिलं जाऊ दे. चुकलं तरी त्यांचा मान कमी होत नाही.

बाबा, आता तुमच्याशी. एका दवाखान्यात सगळे प्रश्न मला विचारले आणि तुम्ही शेजारी बसलेले असून तुमच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. ते मला फार लागलं. तुम्ही एजी ऑफिसात आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासले, हे कागदही तुम्हीच तपासायचे. संमतीपत्र मराठीत मागितलंय. लाल पेन्सिल घेऊन बसा, हव्या तेवढ्या शंका काढा. पहिल्याच दिवशी सही करायची नाही. औषधांच्या चाचण्यांसाठीच्या २०१९च्या नियमांप्रमाणे तुम्हाला केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि त्याने नेहमीच्या उपचारांवर परिणाम होऊ द्यायचा नाही. औषधामुळे काही इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही. संमती घेताना कॅमेरा लावतील, बिचकू नका, तुमच्यावर कोणी जबरदस्ती करत नाही याचा तो पुरावा. सीटीआरआय म्हणजे देशातल्या चाचण्यांची सरकारी यादी, तिच्यात या चाचणीची नोंद आहे का, तेही मी पाहून घेतलंय.

तुम्ही "प्रयोगाचा उंदीर" म्हणालात. रात्रभर तेच डोक्यात होतं. म्हणून लपवून काही ठेवत नाही. तुमच्या वाट्याला खरी गोळी येईल की तशीच दिसणारी बिनऔषधाची, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. गुण येईलच असंही नाही. याच आजारावरच्या लेकॅनेमॅब नावाच्या औषधाला जुलै २०२३मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीत १,७९५ माणसं होती, १८ महिने. आजार थांबला नाही, उतरण २७ टक्क्यांनी मंदावली, आणि काहींच्या मेंदूत सूज आली, बारीक रक्तस्रावही झाला. तुमची गोळी वेगळी आहे, पण आशा धरायची ती एवढ्याच मापाची. मग कशाला जायचं? दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी तुम्हाला नीट तपासेल, ऐकून घेईल. आणि आपल्याकडच्या माणसांना ही औषधं कशी लागू पडतात, हे आपली माणसं तिथे बसल्याशिवाय कळणार कसं? तरी तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मी नागपूरला तेव्हाही येणारच.

त्रास कमी होईल असंच सगळं बघितलंय. तपासण्या सकाळी आठच्या आत, उन्हाआधी. जाताना-येताना गाडी. रक्त उपाशीपोटी घेतात, ते झालं की लगेच तर्री पोहे, तुमच्यासाठी तर्री कमी. एमआरआयच्या मशीनचा आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात, मी बाहेरच असेन. पाठीतलं पाणी काढण्याची तपासणी या चाचणीत नाही, मी दोनदा विचारलं. तुमची अंबाझरीची फेरी, दुपारची वामकुक्षी, चारचा चहा, काही हलणार नाही. मी मागच्या खोलीत राहीन, आईच्या स्वयंपाकघरात लुडबुड करणार नाही. शनिवारी मात्र वडाभात मी करणार, बाबांना माझ्या हातचा आवडतो हे आईलाही माहीत आहे.

आता नीट ऐका. वैद्यांचं चूर्ण चालू असेल तर दडवायचं नाही, डबीच पिशवीत टाका. साखर ताब्यात नसेल तर तिथे घेणार नाहीत, तेव्हा संत्राबर्फी बंद. आई, लपवून एक तुकडासुद्धा नाही. कानाचं मशीन कपाटात ठेवायला आणलेलं नाही. ऐकू न आल्यामुळे चुकलेलं उत्तरही विसरण्यात धरलं जातं, ते मला नकोय. जुने सगळे रिपोर्ट एका फायलीत तारखेने लावा, बाबा, ते तुमच्याइतकं चोख कोणी लावत नाही. कूलरच्या ताट्या बदलून घ्या. रात्री न्हाणीघराचा दिवा चालू राहू द्या, बिलाचं मी बघते. मामांना मी स्वतः फोन करते, तुम्ही बोलू नका.

आणि बाबा, स्कूटरची किल्ली आईकडे द्या. स्कूटर विकायची नाहीये, कोणी तसं म्हणत नाहीये. मी आल्यावर मी चालवीन, तुम्ही मागे बसून रस्ता सांगा. पण तोवर एकट्याने काढायची नाही, स्टेशनवर मला घ्यायलासुद्धा. गाडी सकाळी पोहोचते, मी रिक्षाने येईन. किल्ली आजच द्या आणि दिली की आईला मला फोन करायला सांगा.

तुमची,
बेबी