शेवटच्या रात्रीची रांग

ती. अण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर अण्णांनी विचारलं आणि मी गप्प झाले. रेंज गेली असं तुम्हाला वाटलं. रेंज होती, मलाच बोलता येईना. म्हणून हे पत्र. दादा प्रिंट काढून आणून देईल. आई, चष्मा लावून तूही वाच. अण्णांनी वाचून दाखवलं, झालं, असं करू नकोस. यातलं निम्मं तुझंच आहे.

अण्णा, तुम्ही विचारलंत की तुम्हा दोघांच्या सिंगापूरच्या क्रूझच्या तिकिटाचे पैसे आम्ही दोघा भावंडांनी आधीच भरलेत, मग बोटीवर माणशी रोज १८ डॉलर वेगळे कशाचे? दोघांचे चार रात्रींचे १४४ डॉलर, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये. शेजारच्या काकांचा मुलगा सिंगापूरची क्रूझ करून आला, त्याने सांगितलं की शेवटच्या रात्री काउंटरवर जाऊन सांगितलं की ते पैसे बिलातून काढून टाकतात, कुणी वाद घालत नाही. आणि दुसऱ्या बोटीवर तसल्याच काउंटरवर तर आपलीच पोरगी काम करते, तिलाच विचारू.

त्याने सांगितलं ते खरं आहे. बऱ्याच कंपन्यांत काढतात. माझ्या बोटीवर ते काढणारे हात माझे असतात.

आधी त्या शब्दाचं सांगते, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. बिलावर 'ग्रॅच्युइटी' असं लिहिलेलं असतं. अण्णा, तुम्हाला ग्रॅच्युइटी म्हटलं की कारखाना सोडतानाची रक्कम आठवणार. १९७२ च्या कायद्याने हक्काची असूनही जिच्यासाठी तुम्हाला अक्कलकोट रोडवर कितीतरी खेटे घालावे लागले, ती. बोटीवरची ग्रॅच्युइटी ती नव्हे. मग लोक म्हणतात, म्हणजे बक्षिसी. तीही नव्हे. हॉटेलात बडीशेपेच्या बशीत आपण दहाची नोट ठेवतो ती बक्षिसी. दिवाळीला पोस्टमनला देतो ती पोस्त. आणि मागावरून किती टॉवेल उतरले ते मोजून शनिवारी तुमच्या हातात पडायची ती मजुरी. बोटीवरचे हे रोजचे १८ डॉलर मजुरीच्या जातीचे आहेत. नाव तेवढं चुकीचं पडलंय.

खोली आवरणाऱ्या मुलाचा, जेवणाच्या हॉलमधल्या वेटरचा कंपनीकडून मिळणारा मूळ पगार बहुतेक ठिकाणी फार थोडा असतो. त्यांच्या महिन्याच्या कमाईचा मोठा भाग याच पैशातून उभा राहतो. मोठ्या कंपन्यांत हा आकडा साधारण रोज माणशी १६ ते २० डॉलर असतो, महागड्या खोल्यांना आणखी थोडा जास्त. तो सगळ्या प्रवाशांकडून एकत्र जमा होतो आणि वाटला जातो. तुम्हाला दिसणारी माणसं त्यात असतातच, पण कित्येक बोटींवर न दिसणारीही असतात. तळाच्या मजल्यावर लॉन्ड्रीत टॉवेल धुणारा, रात्रभर ताटं घासणारा. त्यांना कोणी प्रवासी हातात पाकीट देत नाही, कारण त्यांना कोणी पाहिलेलंच नसतं. आठवड्याचे सातही दिवस, रोज दहा-बारा तास काम, सहा ते नऊ महिने सलग, मध्ये रविवार नाही. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१५ मध्ये आपल्या देशानेही तो मान्य केला. त्यात चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे असं आहे. अण्णा, तुम्ही दोन पाळ्या ओढलेल्या आहेत, तेव्हा 'निदान दहा तास विश्रांती' याचा अर्थ तुम्हाला मी फोड करून सांगायला नको.

आता आई, तुझं.

मी सहावी-सातवीत असताना तुझ्याबरोबर माल द्यायला यायचे. तू दिवसभर उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन हजार बिड्या वळायचीस. मी कट्टे मोजून पिशवीत भरायचे. कारखान्याच्या खिडकीपलीकडे तो माणूस बसायचा. एकेक कट्टा हातात घेऊन दाबायचा आणि काही कट्टे बाजूला टाकायचा. छाट. का टाकला ते तू विचारायची नाहीस, तोही सांगायचा नाही. छाटलेल्या बिड्या तुला परतही मिळायच्या नाहीत. पान तुझ्या हातांनी कापलेलं, दोरा तुझ्या बोटांनी बांधलेला, आणि हजाराच्या मजुरीतले पैसे एका हाताच्या हालचालीने गेलेले. परत येताना कन्ना चौकापर्यंत तू काही बोलायची नाहीस. मला त्या माणसाचा फार राग यायचा.

आई, शेवटच्या रात्री मी त्या माणसाच्या जागेवर उभी असते.

बोट सकाळी बंदराला लागणार असते. त्या रात्री काउंटरपुढे रांग लागते. कुणाला बिल समजत नसतं, कुणाचं कार्ड चालत नसतं, आणि पाच-सहा जण तरी हेच सांगायला आलेले असतात. मी हसून कारण विचारायचं, ते लिहून घ्यायचं, समजावायला जायचं नाही. वाद तर नाहीच नाही. मग खोलीचा नंबर टाकायचा, बिलातली ग्रॅच्युइटीची ओळ निवडायची, काढायची. एक मिनिटही लागत नाही.

गेल्या काँट्रॅक्टला आपल्याकडचं एक जोडपं आलं होतं. काकांनी माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव वाचलं, खाली 'भारत' वाचलं, आणि त्यांचा चेहराच खुलला. "मराठी का गं तू? बरं झालं. ते रोजचे पैसे तेवढे काढून टाक." मी ठरलेलं विचारलं, काका, सेवेत काही कमी पडलं का? काकूच मध्ये म्हणाल्या, "छे गं, खोलीतला मुलगा तर इतका गोड, रोज टॉवेलचा वेगळा प्राणी करून ठेवायचा." मला मोबाईलवर फोटो दाखवले. हत्ती, माकड, हंस. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "सेवा छानच. पण हे तत्त्वाला धरून नाही." मी ओळ काढली. काकू जाताना माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या.

रात्री दीड वाजता मी स्टाफच्या मेसमध्ये गेले तर तोच मुलगा समोर बसलेला. इंडोनेशियाचा आहे, घरी दोन लहान मुली. मला बघून त्याने खिशातून काढून दाखवलं, काकूंनी दिलेलं राजगिऱ्याच्या लाडवांचं पाकीट. म्हणाला, तुमच्याकडची माणसं फार मायेची असतात. एक लाडू माझ्यापुढे केला. मी खाल्ला, आई. त्याला काही सांगितलं नाही. महिन्याचा हिशेब हातात येईल तेव्हा त्याला कळणार होतं, पण कोणाच्या खोलीतून गेले ते बहुधा कळणार नाही.

ती माणसं वाईट नव्हती, हे मी अगदी मनापासून लिहितेय. प्राण्यांचे फोटो नातवंडांना पाठवणारी, जवळचा खाऊ काढून देणारी माणसं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ही त्या मुलाची मजुरी आहे. मीही सांगितलं नाही, कारण त्या जागेवर उभं राहून मला ते सांगता येत नाही. तुम्हाला सांगता येतं, म्हणून एवढं लिहितेय.

अण्णा, तुमचा दुसरा मुद्दा मला माहीत आहे. नव्या पेठेतल्या हॉटेलात तुम्ही सर्व्हिस चार्जवरून भांडून बिल कमी करून घेतलं होतंत, आणि बरोबर केलंत. ४ जुलै २०२२ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की हॉटेलांनी तो आपोआप लावायचा नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. तुम्ही ते कात्रण जपून ठेवलंय. पण तो नियम आपल्या देशातल्या हॉटेलांचा. तुमची बोट सिंगापूरहून सुटणार, तिची नोंदणी तिसऱ्याच देशात. तिथे ते कात्रण चालणार नाही.

आणि तुम्ही म्हणाल, पगार कंपनीने द्यावा, प्रवाशाने का? अण्णा, माझंही अगदी हेच मत आहे. तिकिटातच सगळं धरून घ्यावं आणि कामगाराला ठरलेला पगार द्यावा. हे अशक्य नाही. इंग्लंडच्या पी अँड ओ कंपनीने २०१९ मध्ये ही रोजची वसुली बंद करून भाड्यातच धरली. काही महागड्या कंपन्या पहिल्यापासून तसंच करतात. बाकीच्यांनीही करावं. पण आपण काउंटरवर जाऊन ओळ काढली तर कंपनीचं काय जातं? फारसं काही नाही. ज्याने तुमची चादर बदलली त्याचं जातं.

म्हणून माझं एवढं ऐका, ती ओळ राहू द्या. ते पैसे मी तुमच्या खात्यावर आधीच पाठवलेत. खर्चाचा प्रश्न नव्हताच, तुम्हाला कळावं एवढंच होतं.

आता बाकीचं भराभर सांगते, दादाने टूरवाल्याकडून खात्री करून घ्यावी. काही तिकिटांत हे पैसे आधीच भरलेले असतात. तसं असेल तर बोटीवर पुन्हा लागायला नकोत, लागले तर जरूर काउंटरवर जा. बिल टीव्हीवर किंवा काउंटरवर रोज बघता येतं. अण्णा, तुम्ही रोज बघाल हे मला माहीत आहे, बघाच. खोली अस्वच्छ असेल, जेवण थंड येत असेल, तर त्याच दिवशी सांगा. शेवटच्या रात्रीपर्यंत मनात ठेवलं तर दुरुस्त करायला वेळच उरत नाही.

बारमधून घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर, मग ते साधं लिंबू सरबत का असेना, साधारण १८ ते २० टक्के आपोआप लागतात. पावतीवर सही करताना खाली आणखी एक रिकामी ओळ असते. ती जास्तीच्या टिपेची. मनात नसेल तर तिथे रेघ मारा. न समजून तिथे एकूण रक्कम पुन्हा लिहिणारे लोक मी पाहिलेत, त्यांना डबल पडतं. सिंगापूर शहरात मात्र टिप द्यायची पद्धत नाही. टॅक्सीवाल्याला मीटरप्रमाणे द्या, रेस्टॉरंटात बहुधा १० टक्के बिलातच असतात.

वरून काही द्यावंसं वाटलं तर ते खरं बक्षीस, मनाचं. चार दिवसांचे दहा-वीस डॉलर पुष्कळ झाले, नाही दिलेत तरी चालेल. दादाकडून पाच-पाच डॉलरच्या नोटा घेऊन ठेवा. नाणी नकोत, आपले रुपयेही नकोत, त्या मुलांना ते बदलून मिळत नाहीत. आणि एक लक्षात ठेवा. ओळ काढून घ्यायची आणि खोली आवरणाऱ्या मुलाच्या हातात रोख द्यायची, असं 'थेट त्यालाच' करायला जाऊ नका. काही कंपन्यांत ज्या खोलीने ओळ काढली तिथून आलेली रोख त्याला जमा करावी लागते. ओळ ठेवली असेल तर वरचे पैसे त्याचे त्याला राहतात. कॅप्टनला किंवा अधिकाऱ्यांना काही द्यायचं नसतं. शेवटी ईमेलवर अभिप्रायाचा फॉर्म येईल. त्यात दादाकडून त्या मुलाचं नाव नीट लिहवून घ्या, बढतीच्या वेळी त्या नावाचा फार उपयोग होतो.

आई, शेंगाची चटणी घरची नेऊ नकोस, बोटीवर घरी केलेलं खाणं बहुतेक वेळा घेऊ देत नाहीत. दुकानातली बंद पाकिटातली ने. आणि तुला रोज नवा टॉवेल नको असणार, ज्या घरात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तिथली तू. आकड्याला टांगून ठेवलास तर तो बदलत नाहीत, जमिनीवर टाकलास तरच बदलतात. तुझ्या टांगलेल्या टॉवेलने त्या लॉन्ड्रीतल्या माणसाचंही ओझं थोडं कमी होईल.

अण्णा, तुम्ही खोली आवरणाऱ्या मुलाला चादर द्यायची म्हणत होतात. चादर जड होते. त्यांच्या खोलीत दोघं-दोघं राहतात, सामानाला जागा नसते. त्यापेक्षा आपला एक टॉवेल द्या, तुमच्या मागावरचा, पेटीत ठेवलेला लाल काठाचा. त्याने बोटीच्या टॉवेलचे हजार हत्ती केले असतील. हा कोणी विणला ते त्याला सांगा. भाषा अडली तर तुमचा हात दाखवा, मागावर दोरा जोडताना धरता तसा. त्याला कळेल.

त्याच्या बिल्ल्यावर नाव आणि देश दोन्ही लिहिलेलं असतं. पहिल्या दिवशीच वाचून घ्या आणि मला कळवा. गुडघ्याची गोळी हातातल्या पिशवीत ठेव आई, सामानात टाकू नकोस. बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते.

तुमची,
धाकटी